ध्वनिफितींचे जतन : साधनांची निवड आणि आपली जबाबदारी

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी मराठीच्या एका प्राध्यापकाने यंत्रांविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. ज्याने उभे आयुष्य शब्दांच्या व्युत्पत्ती सांगण्यात घालविले, त्याने रेकॉर्डर आणि संगणक यांच्या भानगडीत का पडावे? याचे उत्तर आपल्याच ग्रंथालयातील लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात आहे. वरच्या खणांतील ग्रंथांना आपण डांबरगोळ्या ठेवतो, जीर्ण झालेल्या प्रतींची पुन्हा बांधणी करतो. तळच्या खणात मात्र बुटांच्या रिकाम्या खोक्यांतून आपल्या व्याख्यानमालेच्या आणि काव्यवाचनांच्या कॅसेटी पडून आहेत. त्यांची बांधणी कोणी केलेली नाही.

या कॅसेटी एखाद्या दुकानात देऊन त्यांच्या एमपी-थ्री फाईली करून घ्याव्यात आणि मूळ कॅसेटी मोडीत काढून जागा मोकळी करावी, असा एक प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यामागील हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यातील पहिला भाग निराळ्या रीतीने करावयास हवा आणि दुसरा भाग मुळीच करू नये, हे आपणांपुढे मांडण्यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम माझ्या घरातील एक चूक सांगतो. १९९१ च्या उन्हाळ्यात मी माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. लग्न होऊन ती माळव्यात आली, तेव्हा माहेरहून तिच्यासोबत आले ते ओव्यांचे गाठोडेच. पुढे ती कॅसेट मी एका दुकानदाराकडे दिली. त्याने मोठ्या आस्थेने ‘आवाज स्वच्छ’ करून मला एक सीडी दिली. कॅसेट परत मागण्याचे मला सुचले नाही. घरी येऊन ऐकतो तो काय, जात्याची घरघर गेली होती. यंत्राच्या लेखी ती घरघर म्हणजे केवळ खरखर! पण ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्यात असतो. तो गेला आणि आईचा स्वर अधांतरी लोंबकळू लागला. तिच्या श्वासाचे शेवटही कापले गेले होते. आज ती सीडीही वाचली जात नाही. आई नाही, कॅसेट नाही. आता मी जे सांगणार आहे, ते मी अशी किंमत मोजून शिकलो आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही कॅसेट म्हणजे वस्तुतः मोठे नाजूक प्रकरण आहे. जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून सरकते. फितीवरील चुंबकीय थर कालांतराने झिजतो, दमट हवेत तिला बुरशी धरते, आतील दाबपट्टीचा छोटासा नमदा गळून पडतो. तथापि याहून मोठी अडचण अशी की, फीत सुस्थितीत असली तरी ती वाजविणारी चांगली यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दुर्मिळ झाले आहेत. युनेस्कोने ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर धोक्याची सूचना दिली, ती याच कारणासाठी.

आता साधनांकडे वळू. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रेकॉर्डर कोणता घ्यावा? माझ्या मते पहिला प्रश्न वाजविण्याच्या यंत्राचा आहे. उगमातच पाणी गढूळ असेल तर घागर चांदीची असून काय उपयोग? संगणकाला थेट जोडता येणारे स्वस्त कॅसेट-प्लेअर बाजारात मिळतात. पण त्यांच्या फिरण्यात स्थैर्य नसते आणि मोटारीची गुणगुण ध्वनीत मिसळते. त्यापेक्षा एखाद्या सभासदाच्या घरी पडून असलेला चांगल्या प्रतीचा जुना कॅसेट-डेक मागून घ्यावा, त्याचे पट्टे बदलावेत, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावेत. हेडचा कोन बसविण्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असता तो हलक्या हाताने फिरविला की, बोळा घातल्यासारखा दबलेला आवाज एकाएकी मोकळा होतो. मूळ ध्वनिमुद्रण डॉल्बी पद्धतीने केलेले असेल, तर वाजवितानाही ती कळ चालू हवी. नसेल, तर बंद. आणि सर्वांत आधी कॅसेटच्या मागील कडेवरील दोन लहान प्लास्टिकच्या चकत्या मोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही.

यानंतर रेकॉर्डर. येथे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे झूम, टॅस्कॅम यांसारख्या कंपन्यांचा हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर. तो मेमरी कार्डावर मुद्रण करतो, त्याला संगणक लागत नाही आणि पुढे हाच रेकॉर्डर नव्या व्याख्यानांसाठीही वापरता येतो. दुसरा म्हणजे डेक आणि संगणक यांना जोडणारी लहानशी यूएसबी पेटी. बेहरिंगरची यूसीए-२०२ ही अशा पेट्यांतील परिचित आणि अल्पमोली पेटी. परंतु ती १६ बिटांपर्यंतच मुद्रण करते. २४ बिटांची सोय असलेली पेटी थोडी महाग पडते. ग्रंथालयाने तीच घ्यावी, असे मी सुचवीन.

हे बिट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. डिजिटल मुद्रणात ध्वनीचे एका सेकंदात हजारो वेळा मोजमाप होते. सीडीसाठी ते ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजमापाची पट्टी किती सूक्ष्म असावी, हे बिट ठरवितात. १६ बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात, २४ बिटांच्या पट्टीवर १ कोटी ६७ लाखांहून अधिक. ध्वनिसंग्राहकांच्या त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी निदान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट असा दंडक घालून दिला आहे. अशा एका तासाच्या स्टीरिओ मुद्रणास साधारण एक गीगाबाईट जागा लागते. साठ मिनिटांच्या शंभर कॅसेटी शंभर गीगाबाईटच्या आसपास बसतील. म्हणजे आज मिळणाऱ्या साध्या हार्ड डिस्कचाही एक कोपराच. जागेच्या काटकसरीसाठी एमपी-थ्री करण्याचे कारण आता उरलेले नाही.

यंत्र निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. लाइन-इन जोडणी आहे काय, हे पहिले. कारण डेकचा आवाज मायक्रोफोनच्या तोंडात ओतला तर तो फाटतो. मोबाइल स्पीकरसमोर धरून केलेल्या मुद्रणात तर खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचा भाजीवालाही येतो. दुसरे, ध्वनीची पातळी हाताने ठरविता येते काय? स्वयंचलित पातळीची कळ अवश्य बंद ठेवावी. वक्ता थांबला की हे यंत्र शांततेलाच मोठे करते आणि सभागृहाला जिंकणारा तो विराम सुसाट खरखरीने भरून जातो. तिसरे, ते डब्ल्यूएव्ही या खुल्या प्रकारात मुद्रण करते काय? मुद्रण करताना पातळीचा काटा सर्वोच्च क्षणीही शून्याच्या सहा डेसिबल खालीच ठेवावा. आवाज लहान राहिला तर मोठा करता येतो. एकदा फाटलेला मात्र सांधता येत नाही.

संपादनासाठी खर्चिक सॉफ्टवेअरची आपल्याला गरज नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेले आणि २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेले ऑडॅसिटी हे मोफत व खुले सॉफ्टवेअर आपल्या कामाला पुरेसे आहे. अ‍ॅडोब ऑडिशन किंवा आयझोटोप आरएक्स यांचे सामर्थ्य अधिक खरे; पण त्यांना पैसे पडतात, आणि जे काम पुढील कार्यकर्त्यांनी चालवायचे, ते एका वर्गणीवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. ऑडॅसिटीत एक दक्षता घ्यावी. त्याची स्वतःची प्रकल्प-फाईल म्हणजे जतन नव्हे. मुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये निर्यात करून ठेवावे. खरखर कमी करण्याची सोय त्यात आहे. वक्ता बोलत नसतानाचा एक तुकडा नमुना म्हणून दाखविला की, तशी खरखर ते सर्वत्र कमी करते. पण हेच ते हत्यार, ज्याने माझ्या आईचे जाते बंद पाडले! म्हणून नियम असा असावा : मूळ मुद्रणाला हात लावू नये. जे काही स्वच्छ करायचे ते त्याच्या प्रतीवर, आणि तेही बेताने. खोकला, खुर्च्यांची सरकासरक, टाळ्या, मध्येच ‘माईक नीट करा हो’ म्हणणारा आवाज, हे सारे त्या संध्याकाळचे आहे. पोथीवरचे तेलाचे डाग आपण खरवडतो का?

मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात : दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर आणि एक ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर. वर्षातून एकदा त्या उघडून ऐकाव्यात. सीडीवर विसंबू नये; तिच्यातील रंगद्रव्याचा थरही विटतो. मूळ कॅसेटी कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्यात. उद्या अधिक चांगले यंत्र आले तर पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागेल.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, जी कृती ग्रंथालयाजवळ बिगर-डिजिटल रूपात आहे ती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविण्याची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. जतन करणे आणि जगजाहीर करणे मात्र भिन्न. या कायद्याने व्याख्यान देणाऱ्यासही कलावंत मानले आहे आणि त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे. तेव्हा इंटरनेटवर काही ठेवण्यापूर्वी वक्त्याची अथवा त्याच्या वारसांची लेखी अनुमती घ्यावी.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा. एक तासाची कॅसेट उतरविण्यास एक तासच लागतो. त्याला आडवाट नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास बसलो, तर शंभर कॅसेटींना पंचवीस आठवडे पुरतील. परंतु निम्म्या कॅसेटींवर केवळ ‘व्याख्यान, दुसरा दिवस’ एवढेच लिहिले आहे. बोलणारा कोण, साल कोणते, मध्येच शंका विचारणाऱ्या त्या बाई कोण, हे सांगू शकणारे आपले ज्येष्ठ सभासद आज ऐंशीच्या पुढे आहेत. फीत आणखी काही वर्षे तग धरील. त्यांच्या आठवणीची हमी कोण देणार? म्हणून प्रत्येक बैठकीस एक तरुण यंत्रापाशी आणि एक ज्येष्ठ शेजारी, हाती नोंदवही, अशी योजना मी सुचवितो. मंगळवार आणि शुक्रवार मी स्वतः येईन.

हे सारे कशासाठी? आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक. आपल्या पूर्वजांची लिहिलेली मराठी पुण्या-मुंबईच्या छापील मराठीशी जुळती होती. पण त्यांची बोललेली मराठी निराळी होती. हिंदी आणि माळवी यांच्या शेजाराने तिला आलेला हेल, तिचे खास शब्द, वाक्य अर्ध्यावर सोडून हसण्याची तिची लकब, हे कोणत्याही ग्रंथात उतरलेले नाही. वरच्या खणातील बहुतेक पुस्तकांच्या प्रती अन्यत्र मिळतील. तळच्या खणातील आवाजांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

तेव्हा कार्यकारिणीस माझी विनंती आहे की, मोडीचा प्रस्ताव मागे घ्यावा आणि एक डेक, एक रेकॉर्डर व दोन हार्ड डिस्क एवढ्याची तरतूद करावी.  हे भाषणही मुद्रित होत आहे, असे कार्यवाहांनी मला सांगितले. त्यातील माझा खोकला कृपया पुसू नये.