गिअरबॉक्समधले विसरलेले तेल

(संपादित नभोवाणी भाषण)



गाडी बाळगणाऱ्या माणसाला इंजिनाचे ऑइल कधी बदलले असे विचारले, तर तो बहुधा महिना सांगतो. गिअर ऑइल कधी बदलले असे विचारले, की तो मेकॅनिककडे बघतो आणि मेकॅनिक आकाशाकडे. यात नवल नाही. इंजिनाचे तेल काळे पडते, थोडे जळते, काडी ओढून त्याची पातळी बघता येते. गिअरबॉक्समधले तेल जळत नाही आणि पुष्कळ गाड्यांत त्याला काडीही नसते. ते वर्षानुवर्षे अंधारात पडून राहते.

आमच्याकडे वडिलांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० होती, चार गिअरची. २०१५च्या डिसेंबरात खंबाटकी घाट चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताच असा खर्रकन आवाज झाला, की मागे डुलकी घेणारी आई दचकून उठली. थंडीच्या सकाळी तर दुसरा गिअर पडेचना. एका गॅरेजमध्ये दाखवली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणाले. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडीकडे पुन्हा एकदा पाहिले. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीची पाच वर्षेही पुढच्याच वर्षी संपत होती. वडील तेव्हा नव्हते. गाडी भंगारात द्यावी असे माझे आणि भावाचे मत, आईचे मत विरुद्ध. ती काही बोलली नाही, फक्त किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली.

शेजारी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांनी एवढेच विचारले, "तेल कधी बदललंयस?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग आधी एका गतीवर आणावे लागतात. हे काम पितळी कड्या करतात, सिंक्रोनायझर रिंग म्हणतात त्या. कडी पोलादी उतारावर घासते, छोट्या ब्रेकसारखी, आणि मग गिअर अलगद पडतो. म्हणजे तेलाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. दातांमध्ये त्याने घसरडे राहायचे आणि कडीपाशी थोडी पकड येऊ द्यायची. जुने, मळलेले तेल दोन्हीकडे कमी पडते.

मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "जीएल-५ घ्या, चारपेक्षा पाच भारी." ऐकायला बरोबर वाटते, पण हे परीक्षेचे गुण नव्हेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये हायपॉइड दाते असतात. ते एकमेकांवर जोराने घासत सरकतात. त्यांच्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायने जास्त घालतात. तीच रसायने तेल तापल्यावर पितळेला त्रास देऊ शकतात, शिवाय कडीची पकडही सुटते. मारुती ८००चे इंजिन आडवे, पुढच्या चाकांवर चालणारे. तिथे हायपॉइड दातेच नाहीत. तिला जीएल-४ योग्य. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच घाला.

आणखी एक गैरसमज. डब्यावर ९० हा आकडा दिसला, की लोकांना वाटते हे इंजिनाच्या ४० नंबरच्या तेलापेक्षा दुपटीहून दाट. तसे नाही. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. तापलेले ९०चे गिअर ऑइल साधारण इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाइतकेच दाट असते.

आता माझी फजिती. रविवारी सकाळी गाडी थोडी फिरवून आणली, कारण कोमट तेल चटकन वाहते आणि तळाचा गाळही घेऊन येते. गाडी जॅकने उचलून चारही बाजूंनी घोड्यांवर सपाट ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. खालचा प्लग काढला, तेल ट्रेमध्ये आले, मी खूश. मग तेल घालायचा बाजूचा प्लग सोडवायला गेलो, तर तो हलेना. हातातला पाना थोडा सैल होता. दोन झटक्यांत प्लगचे कोपरे गोल झाले. गिअरबॉक्स रिकामा, गाडी हवेत आणि दुकाने बंद.

काका आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "अरे, घालायची वाट मोकळी आहे का ते आधी बघायचं, मग काढायचं!" त्यांनी एक जेमतेम मापाचे सहाकोनी सॉकेट हातोडीने त्या प्लगवर ठोकून बसवले आणि लांब दांडा लावून प्लग सोडवला. एक तास गेला. नवा प्लग दुसऱ्या दिवशी आणला.

तोवर त्यांनी खालच्या प्लगच्या टोकावरचे लोहचुंबक बोटाने पुसून पाहिले. राखाडी लोण्यासारखा लेप होता. तो असायचाच, वीस वर्षांची झीज होती ती. कपच्या किंवा दाताचा तुकडा असता, तर गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्यांनी ट्रेमधले तेल उन्हात धरले. बारीक सोनेरी चमक दिसली. "कड्या झिजल्यात थोड्या, पण बेअरिंगं बरी दिसतायत. घाल तेल."

वरून नरसाळे आणि लांब नळी लावून, बाजूच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल येईस्तोवर भरले. ते बाहेर ओघळू लागले की थांबायचे. जास्त तेल ठासले तर ते सीलमधून बाहेर पडायला बघते.

तेल दुधाळ, कॉफीसारखे निघाले, तर आत पाणी गेले आहे असे समजा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला. अशा पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन ऑइल लोक आठवणीने बदलतात. पण गिअरबॉक्सलाही श्वास घ्यायला छिद्र असते. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला, की आतली हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी ओढले जाते. पुरानंतर हे तेल बदलायला किलोमीटर मोजत बसू नये.

काढलेले तेल गटारात ओतू नका. मी डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये दिले. हाताचा गंधकाचा वास मात्र दोन दिवस गेला नाही.

आवाज पूर्ण गेला का? नाही. झिजलेले पितळ तेलाने परत येत नसते. पण सकाळी दुसरा गिअर पडू लागला आणि घाटातली खरखर, दांडा क्षणभर थोपवून धरला, तर ऐकू येईनाशी झाली. २०१६ साली नोंदणीचे नूतनीकरण झाले. तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेली पट्टी मी बॉनेटच्या आत चिकटवली. तिच्याखाली दुसरी, पिवळी पडलेली पट्टी आधीच होती. वडिलांच्या अक्षरात: 'गिअर ऑइल', आणि पुढे २००३ सालची तारीख.