दोन प्रोग्राम, एक ब्लाऊज

फौजेतून निवृत्त झालेला माणूस शिवणकामावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मला स्वतःला बटण लावण्यापलीकडे काही येत नाही. पण महूला आम्ही काही जण मिळून एक शिवणवर्ग चालवतो. बहुतेक जवानांच्या घरच्या बायका, दोन-तीन वीरपत्नी. तिथे संगणकाचं खातं माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणी ते घ्यायला तयार नव्हतं.

कपडा बेतण्याचा एक फुकट प्रोग्राम आहे, ‘व्हॅलेंटिना’. कागदावर पट्टी ठेवून आपण ब्लाऊजचा बेत काढतो, तोच इथे पडद्यावर काढायचा. फरक इतकाच की रेघ ‘नऊ इंच’ अशी न काढता ‘छातीचा चौथा भाग अधिक ढिलाई’ अशी काढायची. मग गिऱ्हाईक बदललं, छत्तीसची चाळीस झाली, की नवं माप भरायचं. मुंढा, टक्स, बाही सगळं आपोआप सरकतं. अर्थात सूत्रं नीट लिहिली असतील तर. एके ठिकाणी आळस करून नुसता आकडा टाकला, की तेवढी जागा तिथेच अडून बसते आणि गळा वाकडा होतो. हे आमच्याकडे भरपूर झालंय.

२०१३ च्या सुमारास हे काम सुरू झालं. युक्रेनचे रोमन तेलेझिन्स्की आणि अमेरिकेच्या सुसान स्पेन्सर ही त्यातली दोन मुख्य माणसं. २०१७ मध्ये त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तेलेझिन्स्कींनी ‘व्हॅलेंटिना’ चालू ठेवला, स्पेन्सर यांच्या बाजूने ‘सीमली-टू-डी’ निघाला. मूळ कोड खुला असल्यामुळे दोघांनाही तो पुढे नेण्याचा सारखाच हक्क. यात चोरी नाही, बेकायदा काही नाही. भावांनी शेत वाटून घ्यावं तसं म्हणणार होतो, पण ते बरोबर नाही. वाटणीत शेत अर्धं होतं, इथे दोघांनाही अख्खं शेत मिळालं. भांडण कशावरून झालं यात मी पडत नाही. तुम्हीही पडू नका, त्यात संध्याकाळ जाते आणि ब्लाऊज तसाच राहतो.

आता आमची फजिती सांगतो. वर्गात चार संगणक. दोन माझ्या पुतण्याने तयार करून दिले, दोन मी. त्याने एक प्रोग्राम टाकला, मी दुसरा. दोघांची हत्यारं आणि चित्रं इतकी सारखी की महिना-दीड महिना कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एका शाळेच्या कुर्त्यांचं काम आलं. एका ताईने एका संगणकावर बेत केला, पेनड्राइव्हवर घेतला आणि छापायला दुसऱ्यावर लावला. उघडेना. आवृत्ती चालत नाही, अशा अर्थाचा संदेश. सकाळी कापड कापायचं होतं आणि रात्रीचे नऊ वाजले होते. आमचे मास्टरजी काही बोलले नाहीत. खाकी कागद पसरला, खडू घेतला आणि दीड तासात तिन्ही मापांचे बेत हाताने काढले. त्या ताई मात्र रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना वाटलं, चूक आपली. चूक माझी होती.

तेव्हा मी जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. फौजेत शिकवतात, पहिलं तत्त्व म्हणजे उद्दिष्ट ठरवा आणि ते सोडू नका. आमचं उद्दिष्ट काय? चांगला प्रोग्राम शोधणं नव्हे. इथून शिकून गेलेल्या बाईला स्वतःच्या घरी, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर पाच वर्षांनीही आपला बेत उघडता आला पाहिजे, हे.

यादी करून दोघांची तुलना केली असती तर मी अजून तिथेच बसलो असतो. व्हॅलेंटिनात ‘पझल’ नावाचा वेगळा भाग आहे, कापडावर तुकडे बसवण्यासाठी. मोठ्या पन्ह्यावर बरेच कपडे एकदम कापणाऱ्याला तो उपयोगी. मापांची वही एकात ‘टेप’ नावाने, दुसऱ्यात ‘सीमली-मी’ नावाने. दोन्हीत इंचही चालतात, सेंटिमीटरही. एकच कटोरी ब्लाऊज मी दोन जणींकडून दोन्हीत काढून घेतला. वेळ जवळजवळ सारखाच लागला.

खरा फरक फाइलींचा. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस फुटला तेव्हा आपल्यासारख्यांना फारसा त्रास झाला नाही, कारण कागदपत्रांचा साचा दोघांचा एकच राहिला. इथे तसं नाही. व्हॅलेंटिनाच्या फाइलीचं शेपूट ‘व्हॅल’, सीमलीच्या आताच्या फाइलीचं ‘एस-एम-टू-डी’. फुटीच्या आधीचे जुने बेत सीमलीत उघडतात, पण आज व्हॅलेंटिनात जतन केलेली फाइल तिथे उघडेल असं धरून चालू नका. आणि एकाच प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल त्याच्याच जुन्या आवृत्तीत उघडेलच असंही नाही. म्हणजे चारही संगणकांवर एकच नाव असणं पुरत नाही, आकडाही एकच हवा.

आम्ही सीमली घेतला. कारण साधं: मास्टरजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेले फुटीपूर्वीचे बेत आमच्याकडे होते, ते त्यात उघडले. तुमच्याकडे तसे नसतील तर हे कारण तुम्हाला लागू नाही. घाऊक काम करणाऱ्याने व्हॅलेंटिना घ्यावा, असं माझं मत. आमच्यातला एक मुलगा तोच वापरतो आणि मी त्याला अडवलेलं नाही. फक्त वर्गाच्या संगणकांना हात लावू देत नाही.

आता आमची पद्धत अशी. चारही ठिकाणी एकच आवृत्ती. ती बसवण्याची फाइल दोन पेनड्राइव्हवर, एक कपाटात, एक माझ्या घरी. नवी आवृत्ती आली की आधी एकाच संगणकावर, तीही जुन्या फाइलींची प्रत काढून. प्रत्येक बेताचं पीडीएफ वेगळं ठेवायचं, कारण ते कुठेही छापता येतं. छापताना ‘मूळ आकार’ निवडायचा आणि पहिल्या पानावर पट्टी ठेवून मोजायचं. नाहीतर प्रिंटर कागदात मावावं म्हणून गुपचूप सगळं लहान करतो आणि छाती अर्धा इंच कमी भरते.

आणखी एक. दोन्ही प्रोग्रामच्या फाइली आतून साधा मजकूर असतात. नोटपॅडमध्ये उघडा, खुणांच्या जंगलात तुम्हाला तुमची सूत्रं दिसतील. मापांची नावंही बरीचशी दोन्हीकडे तीच आहेत. मी ते मास्टरजींना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “साहेब, हे तर आपण वहीत लिहितो तेच आहे.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. बेत संगणकावर पूर्ण झाला की ज्या बाईने काढला तिने त्याची सूत्रं आपल्या वहीत मराठीत किंवा हिंदीत लिहायची: पाठ अशी, मुंढा असा, गळा असा, माया इतकी. वही दाखवल्याशिवाय मास्टरजी प्रिंटरचं बटण दाबू देत नाहीत.

त्या रात्री रडवेल्या झालेल्या ताईंची आता तिसरी वही चालू आहे.