नीसचा समुद्ररस्ता



फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नावाचं शहर आहे. तिथे जाणारा प्रवासी पहिल्या संध्याकाळीच ‘प्रोमनाद दे-झांग्ले’वर, म्हणजे इंग्रजांच्या रस्त्यावर, फिरायला निघतो. सुमारे सात किलोमीटर समुद्राला बिलगून गेलेला हा रस्ता. कडेला ताडाची झाडं, निळ्या खुर्च्या आणि १९१३ साली उघडलेलं, गुलाबी घुमटाचं नेग्रेस्को हॉटेल. सगळा थाट श्रीमंतीचा. पण या रस्त्याचा जन्म भुकेतून झाला आहे.

नीस तेव्हा फ्रान्सचं नव्हतं, सार्डिनियाच्या राजाचं होतं. इंग्लंडच्या धुक्याला आणि खोकल्याला कंटाळलेली सधन मंडळी हिवाळा काढायला इथे येत. टोबायस स्मॉलेट हा डॉक्टर-कादंबरीकार १७६३ साली प्रकृतीसाठी आला आणि चक्क समुद्रात डुंबू लागला, तेव्हा गावकरी चकित झाले! समुद्र मासेमारीचा, आंघोळीचा नव्हे, अशी त्यांची समजूत. पाहुण्यांनाही हवं होतं ते कोवळं ऊन.

१८२०च्या सुमारास हिवाळा फार कडक गेला. गावात भुकेल्या, बेकार माणसांची गर्दी झाली. लुईस वे या इंग्रज पाद्र्याने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी जमवली, पण ती भीक म्हणून वाटली नाही. त्याने या माणसांना किनाऱ्यालगत पायवाट बांधायचं काम दिलं. आपल्याकडे ज्याला दुष्काळी काम म्हणतात, तेच हे. वाट होती जेमतेम दोन मीटर रुंद. पुढे ती रुंदावली, लांबली. १८६० साली नीस फ्रान्सकडे गेलं, १८६४ मध्ये रेल्वे आली आणि मग युरोपभरचे धनिक लोटले. व्हिक्टोरिया राणीसुद्धा १८९०च्या दशकात वसंत ऋतूत इथल्या सिमिए टेकडीवर येऊन राहत असे.

पैसे देणाऱ्यांचं नाव रस्त्याला मिळालं. दगड वाहणाऱ्यांचं मिळालं नाही, याची मला खंत वाटते.

पोहण्याचा उन्हाळी हंगाम मात्र विसाव्या शतकातला. किनाऱ्यावर वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत. ते पायाला टोचतात आणि पाणी लगेच खोल होतं. लहान मुलं बरोबर असतील तर जपा. जमलं तर फेब्रुवारीत जा. तेव्हा कार्निव्हल असतो, मिमोसा पिवळाधमक फुललेला असतो. युनेस्कोने २०२१ साली नीसला जागतिक वारसा ठरवलं, तेही हिवाळी विश्रामाचं शहर म्हणूनच. आणि वाटाड्या फक्त राण्यांची आणि सरदारांची नावं सांगू लागला, तर त्याला १८२०च्या त्या हिवाळ्याबद्दल जरूर विचारा.