पुसून पुन्हा लिहायची पाटी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या हातात काय आहे ते मागच्या रांगेत दिसणार नाही, म्हणून सांगतो. हा 'आर्डुइनो नॅनो' नावाचा बोर्ड. साडेचार सेंटिमीटर लांब, रुंदी दोन सेंटिमीटरही नाही. केबलने संगणकाला जोडायचा, चार ओळींचा प्रोग्राम लिहून त्यात भरायचा, की तो दिवा लावतो, मातीतली ओल मोजतो. प्रोग्रामसाठी जागा फक्त 32 किलोबाइट. मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. 2005 साली इटलीतल्या इव्हरेआ इथे एका डिझाइन संस्थेतल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून आर्डुइनो तयार केला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. म्हणूनच तसे बोर्ड आज काही शे रुपयांत मिळतात.

आपल्या प्रयोगशाळेतलं कुलूपबंद कपाट आठवतं? व्होल्टमीटर आपण काचेतूनच पाहिला. सरांचा दोष नव्हता. एक बिघडला तर दुसरा आणायचा कुठून? पण ती भीती माझ्याबरोबर कॉलेजात आली. वही लिहायला मी पुढे, तार जोडायला मागे. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये नापास झालो आणि घरी सांगितलं, पेपर अवघड होता.

गेल्या दिवाळीत येवल्याला आलो तेव्हा हा बोर्ड पुतण्याला दिला. तो म्हणाला, "काका, आजोबांच्या मागावर धागे मोजू या." पैठणीच्या मागाच्या पावडीखाली बटण बसवलं. पावडी एकदा दाबली की आकडा एकने वाढायला हवा; तो कधी दोनने, कधी तीनने वाढायचा. मी तासभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. अण्णा मागावरूनच म्हणाले, "अरे, दाबलेली वस्तू लगेच स्थिर होत नाही, थरथरते. तुझं यंत्र तेवढं थांबतं का?"

नेमकं तेच होतं. बटणातली धातूची पट्टी दाबल्यावर काही मिलिसेकंद थरथरते. नॅनोच्या घड्याळाचे सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके पडतात. तो प्रत्येक थरथर वेगळी मोजत होता. '50 मिलिसेकंद थांब' एवढी एक ओळ घातली आणि आकडा जुळला.

अण्णांनी विचारलं, "चुकलं तर वाया जात नाही का हे?" म्हटलं, "नाही. जुना प्रोग्राम पुसायचा, नवा भरायचा. दहा हजार वेळा तरी चालतं. तारा उलट्या जोडल्या तर मात्र जळतो. मी दोन जाळलेत." आणि त्या ओघात इतक्या वर्षांनी ते नापास होणंही सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "तेव्हाच सांगायचंस. मी रोज विणलेलं उकलतो. त्यात लाज कसली?"

मित्रहो, आपल्या तुकडीतर्फे शाळेला असे वीस बोर्ड, तारा, दिवे आणि बटणं द्यावीत अशी माझी सूचना आहे. पहिल्या पाच बोर्डांचे पैसे मी आजच देतो. सरांना आणि बाईंना एकच विनंती: त्या कपाटाला कुलूप नको. एखाद्या पोरानं बोर्ड जाळलाच, तर त्याला रागावू नका. मला फोन करा, मी दुसरा पाठवीन. आणि त्याला विचारा, "तार कुठे जोडली होतीस?" तिथूनच त्याचा धडा सुरू होईल.