जुना वसाहतवाद, नवा वसाहतवाद आणि घानाची वीज



जुना वसाहतवाद ओळखणे कठीण नव्हते. गव्हर्नर, फौज आणि परके निशाण सर्वांना दिसत असे. पश्चिम आफ्रिकेतील ‘गोल्ड कोस्ट’ येथे ब्रिटिशांनी १८७४ मध्ये वसाहत स्थापन केली. पुढे १९०० च्या उठावानंतर अशांतींचे राज्यही खालसा केले. सोने व कोको बाहेर जाई, पक्का माल आत येई.

६ मार्च १९५७ रोजी हाच प्रदेश घाना या नावाने स्वतंत्र झाला. नववसाहतवादाचा प्रश्न उभा राहतो तो येथून पुढे. सत्ता स्वदेशीयांची, परंतु आर्थिक निर्णयांची किल्ली बाहेरच्यांच्या हाती, अशी ही अवस्था होय.

घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे धरण बांधण्याचा संकल्प केला. निम्मा खर्च घानाने उचलला. उरलेल्यासाठी जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांच्याकडून कर्ज हवे होते, आणि विजेचे मोठे गिऱ्हाईक ठरल्याखेरीज ते मिळणार नव्हते. कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकन कंपन्यांनी ‘व्हॅल्को’ नावाचा ॲल्युमिनियम कारखाना काढून ती वीज घेण्याचे मान्य केले. मात्र अत्यल्प दराने व दीर्घ मुदतीच्या कराराने. घानात बॉक्साइटचे साठे होते. तरीही टेमा येथील कारखाना १९६७ पासून आयात केलेल्या अल्युमिनावर चालला. नदी घानाची, जमीन घानाची, कर्जाचा बोजाही घानाचाच. लाभाचा मोठा वाटा मात्र कारखानदारांचा! सुमारे ८०,००० लोक विस्थापित झाले. त्यांच्या अनेक नव्या वसाहतींत कित्येक वर्षे त्या धरणाची वीज पोहोचली नाही.

सारा दोष परकीयांच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. नववसाहतवादावर १९६५ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या एन्क्रुमांच्याच सरकारने हा करार केला होता. पर्याय थोडे होते, हे खरे. पण १९६४ मध्ये देश एकपक्षीय झाल्यावर सरकारला जाब विचारणारेही उरले नाहीत. त्यातच १९६५ मध्ये कोकोचे जागतिक भाव कोसळले. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले आणि २४ फेब्रुवारीला लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथून टाकली. करार मात्र अबाधित राहिला.

१९८३-८४ च्या अवर्षणात जलाशय आटला व कारखाना बंद पडला. त्यानंतर १९८५ मध्ये झालेल्या फेरवाटाघाटींत विजेचा दर बराच वाढवून मिळाला. कारखान्यातील कैसरचा ९० टक्के हिस्सा घाना सरकारने २००४ मध्ये विकत घेतला. उरलेला हिस्सा २००८ मध्ये.