किल्ली कुणाच्या हातात?

(सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी समाजकार्य शिकले, संगणकशास्त्र नाही. तरीही आज व्हायरसवर बोलायला उभी आहे, कारण हा विषय आता आपल्या केसच्या फायलींत येऊन पोचला आहे.

आमच्या केंद्रात एक बाई आली. मारहाण सोसवेना म्हणून कुणालाही न सांगता ती मावसबहिणीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी नवरा तिथे दारात हजर! तिच्या अँड्रॉइड फोनमध्ये त्याने पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकलं होतं. आमच्यातली एक जण लगेच म्हणाली, "तिला आयफोन घ्यायला सांगू या, त्यात व्हायरस येत नाही." काही महिन्यांनी दुसरी बाई आली. तिच्याकडे आयफोनच होता. त्यात व्हायरस वगैरे काही नव्हतं, तरी ती कुठे जाते ते नवऱ्याला कळत होतं. फोन त्याने घेऊन दिला, खातं त्यानेच उघडलं, पासवर्ड त्याच्याकडे. हरवलेला फोन शोधण्याची सोय वापरून तो घरबसल्या बायकोला शोधत होता.

म्हणून 'कोणती सिस्टिम सुरक्षित?' असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, 'कुणापासून?'

अनोळखी चोरापासून म्हणाल, तर फरक आहे. टेबलावरच्या बहुतेक संगणकांवर विंडोज असतं, म्हणून व्हायरस लिहिणाऱ्यांची नजरही तिकडेच जास्त. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दीडशे देशांतल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. यातली खेदाची गोष्ट अशी, की त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच मिळत होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. आपल्या कचेऱ्यांत देणगीत आलेले जुने संगणक असतात, त्यांचा विचार करा. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्या.

मॅकवर हल्ले कमी होतात, पण होतात. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक' सुमारे सहा लाख मॅकमध्ये शिरला होता. लिनक्स घरी-कचेरीत वापरणारे थोडे. त्यातले प्रोग्रॅम बहुतेक एकाच तपासलेल्या साठ्यातून येतात, म्हणून धोका कमी. पण २०१६ मध्ये 'मिराई'ने लिनक्सवर चालणारेच कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. कारण काय? कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता!

फोनचंही तसंच. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या बाहेरूनही अ‍ॅप घेता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलमधून बँकेचे पैसे जातात, ते याच वाटेने. आपल्याकडे आयफोनवर ही वाट बंद आहे. तरी पेगाससने आयफोनही फोडले, हे २०१६ मध्येच जगापुढे आलं. अर्थात ते सरकारांना विकलं जाणारं महागडं हत्यार.

पण आपल्याकडे येणाऱ्या बाईचा शत्रू बहुधा परका नसतो. तो तिच्याच घरात झोपतो. तिचा अँड्रॉइड फोन उघडा मिळाला, तर काही मिनिटांत तो अ‍ॅप टाकू शकतो. आयफोनवर असं अ‍ॅप टाकणं अवघड, पण पासवर्ड ठाऊक असला तर त्याला अ‍ॅपची गरजच नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच: किल्ली कुणाच्या हातात?

आता आपण काय करायचं?

कचेरीतला संगणक कोणताही असो, अपडेट वेळच्या वेळी करा. दुरुस्त्या मिळत नसतील तर तो इंटरनेटला जोडू नका, किंवा जाणकाराकडून त्यावर लिनक्स बसवून घ्या. केसच्या नोंदींची एक प्रत संगणकापासून वेगळी, कुलपात ठेवा. कुणाचाही पेन ड्राइव्ह लावू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. बाईच्या फोनमध्ये असं अ‍ॅप दिसलं, तर घाईने काढून टाकू नका. आम्ही पहिल्या वेळी तेच केलं. नवऱ्याला त्याच रात्री कळलं, आणि त्याचा राग तिच्यावर निघाला. ती चूक आमची होती. शिवाय पुरावाही गेला. आधी ती कुठे राहील, सोबत कोण असेल, हे ठरवा. तिच्याशी बोलताना तिचा फोन दूर ठेवा, पुढचं बोलणं दुसऱ्या फोनवरून करा. अ‍ॅप स्क्रीनवर दिसत असताना दुसऱ्या फोनने फोटो घ्या. नवा फोन घेतला तर नवं खातं, नवा पासवर्ड, आणि तो तिने स्वतः टाकायचा. आपणही विचारायचा नाही.

बाईच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मिळणाऱ्या संरक्षण आदेशात फोनवरून, इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधायलाही मनाई करता येते. अर्ज लिहिताना हे विसरू नका.

आपण बाईला विचारतो, पैसे कुणाकडे असतात? घराची कागदपत्रं कुणाच्या नावावर? आजपासून त्यात आणखी एक प्रश्न घालू या: तुझ्या फोनचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?