मेजरनंतरचा गुरुवार

(स्नेहमेळाव्यातील ‘अभ्यासक्रमाबाहेरचे’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावलं आहे की नोकरीबद्दल बोलायचं नाही, आणि मुलांच्या मार्कांबद्दल तर नाहीच. म्हणून मी गोल्फवर बोलणार आहे. मागच्या बाकांवरून हसू आलं. ती बाकं अजून तशीच आहेत म्हणायची. मी गोल्फ खेळत नाही, बघते. अमेरिकेच्या वेळेनुसार काम करताना कित्येक वर्षं रात्री जागले, शेजारी कुणीतरी गोल्फ लावलेलं असायचं, आणि मलाही त्याची लागण झाली. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांनी आपल्या गोट्या आठवाव्यात. गल फार लांब असते, एवढाच फरक.

पुरुषांच्या गोल्फमध्ये वर्षाला चार मोठ्या स्पर्धा असतात, त्यांना मेजर म्हणतात. एप्रिलमध्ये ऑगस्टाला मास्टर्स, मग पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि जुलैत ब्रिटनमधली ओपन. रविवारी मेजर संपते आणि गुरुवारी पुढची स्पर्धा सुरू होते. खेळाडूंना, प्रेक्षकांना श्वास घ्यायला तीन दिवस. म्हणून अधूनमधून मागणी होते, की मेजरनंतर टूरने एक आठवडा थांबावं.

२०२५ च्या मास्टर्सपर्यंत मीही याच मताची होते. रोरी मॅकलरॉयने २०१४ नंतर एकही मेजर जिंकली नव्हती आणि चारपैकी फक्त मास्टर्स राहिली होती. शेवटच्या होलवर जवळचा पट चुकला, जस्टिन रोझबरोबर प्लेऑफ झाला आणि तिथे तो जिंकला. आपल्याकडे १४ एप्रिलची पहाट होती, पाच वाजायचे होते. तो गुडघ्यांवर बसून रडला. घरचे उठू नयेत म्हणून मी तोंडावर उशी धरली होती. चारही मेजर जिंकणारा तो फक्त सहावा. आणि त्याच गुरुवारी, म्हणजे १७ तारखेला, साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेडला आरबीसी हेरिटेज सुरू! मॅकलरॉय तिथे नव्हता. मलाही ती बघावीशी वाटली नाही. लग्नाच्या पंगतीतून उठल्या उठल्या कुणी उपम्याची बशी पुढे करावी तसं झालं.

आपल्या क्रिकेटमध्ये हे अनुभवलंय की आपण. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो. २३ तारखेला विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी सामना, आणि नाणेफेकीला सूर्यकुमार यादव, जो अंतिम सामन्यातही खेळला होता. तो सामना आपण जिंकलो. इथे किती जणांना आठवतोय, हात वर करा बरं. पाहा.

एवढं सगळं असूनही मी मत बदललं, कारण हिशेब घातला. सवय आहे, इलाज नाही.

मास्टर्सला नव्वदच्या आसपास खेळाडू असतात. टूरवर खेळणारे त्याहून कितीतरी जास्त. शंभराव्या-दीडशेव्या क्रमांकाचा खेळाडू तो रविवार घरी टीव्हीसमोर काढतो. त्याला पगार नाही. विमान, हॉटेल, कॅडी, सगळं स्वतःच्या खिशातून, आणि दोन दिवसांनंतर कट चुकला की बहुतेक ठिकाणी हाती शून्य. कॅडीचंही तसंच : ठरलेला आठवडी मोबदला आणि बक्षिसातला वाटा. मोठे दमलेत म्हणून टूर बंद ठेवली, तर यांची त्या आठवड्याची चूलच बंद.

पण आज जे चालू आहे ते याहूनही उलटं आहे. २०२३ पासून हेरिटेजला खास दर्जा मिळाला. बक्षीस दोन कोटी डॉलर, पण २०२४ पासून प्रवेश मोजक्याच जणांना. म्हणजे नेमके दमलेले खेळाडू बोलवायचे आणि विश्रांती झालेले बहुतेक दाराबाहेर ठेवायचे! त्या पहिल्या वर्षी तर मोठ्यांना अशा स्पर्धांपैकी एकच चुकवायची मुभा होती. मॅकलरॉय मास्टर्समध्ये कट चुकून घरी गेला, हेरिटेजला आला नाही, ही त्याची दुसरी गैरहजेरी ठरली आणि बोनसमधले तीस लाख डॉलर कापले गेले. मानसिक आणि भावनिक स्वास्थ्यासाठी विश्रांती हवी होती, असं त्याने नंतर सांगितलं. पुढच्या वर्षी ती सक्ती गेली, पण गुण आणि पैसे एवढे मोठे की न जाणं बहुतेकांना परवडत नाही.

टूर असं का करते? चारपैकी एकही मेजर टूरच्या मालकीची नाही. मास्टर्स ऑगस्टाच्या क्लबची, बाकीच्या तीन वेगवेगळ्या संस्थांच्या. मेजरनंतर थांबायचं म्हणजे दुसऱ्याच्या कार्याला मान देण्यासाठी आपलं दुकान बंद ठेवायचं. शिवाय प्रायोजकाला मोठी नावं हवीत. हेरिटेज १९६९ पासूनची, पहिली आर्नल्ड पामरने जिंकलेली. तरीही २०११ मध्ये तिला मुख्य प्रायोजक नव्हता. तिथल्या लोकांनी ते वर्ष कसं काढलं असेल, याचा विचार केला की त्यांच्यावर फार रागावता येत नाही. आणि दमलेला खेळाडू वाईटच खेळतो असंही नाही. १९८५ मध्ये बर्नहार्ड लँगरने आणि २०२४ मध्ये स्कॉटी शेफलरने मास्टर्स जिंकून लगेच हेरिटेजही जिंकली. उलट मॅकलरॉयने एक आठवडा विश्रांती घेतली, तरी जूनमध्ये कॅनडात कट चुकला. एवढं मोठं काही संपल्यावर येणारं रितेपण आठवड्याभरात थोडंच भरतं.

म्हणून माझं म्हणणं असं : टूर थांबवू नका, पाहुणे बदला. मेजरनंतरच्या गुरुवारी खुली, मोठ्या प्रवेशाची स्पर्धा ठेवा, मेजरला नसलेल्यांना पहिला मान द्या. ज्याला दमूनही यायचंय त्याने यावं. दोन कोटींचा थाट दोन आठवडे पुढे सरकवा. हेरिटेजवाल्यांना हे आवडणार नाही, आणि त्यांच्या नुकसानीवर माझ्याकडे उत्तर नाही.

हे मला सुचलं ते गोल्फमुळे नाही. नोकरीवर बोलायचं नाही हे मान्य, पण एकच मिनिट. काही वर्षांपूर्वी आमचं एक मोठं काम शनिवारी रात्री पार पडलं. सोमवारी मी त्याच चौघांना पुढच्या कामाला जुंपलं, कारण ते सगळ्यांत हुशार होते. बुधवारी त्यातल्या एकाने चालू यंत्रणेवर चुकीची आज्ञा दिली आणि ग्राहकाची नोंदवही सहा तास बंद पडली. बैठकीत सगळे त्याच्याकडे बघत होते. वेळापत्रक मी केलं होतं, हे मी त्या बैठकीत बोलले नाही. नंतर बोलले, पण तोवर त्याने राजीनामा दिला होता. आता मोठ्या कामानंतरच्या आठवड्याची जबाबदारी मी त्या कामात नसलेल्यांना देते. त्यांच्यातली दोन मुलं किती चांगली आहेत, हे मला असंच कळलं.

आपल्या संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असायची, आठवतं? मी कधी नाटकात नव्हते, तरी ती सुट्टी मी हक्काने घ्यायचे. एका वर्षी डबा विसरला म्हणून त्या दिवशी शाळेत आले, तर शिपाईकाका एकटेच मांडवाच्या खुर्च्या रचत होते. मी डबा घेतला आणि घरी गेले.

घंटा झाली. बसते.